शिसवाची मूठ

गेल्या गणपतीत घरी आलेल्या निदान चौघा नातेवाइकांनी मला एकच प्रश्न विचारला, "बाबांच्या पिस्तुलाचं काय केलंस शेवटी?" आरतीच्या आधीच्या पाच मिनिटांत जेवढं सांगता येतं तेवढं प्रत्येकाला सांगितलं, म्हणजे अर्थातच अर्धवट. म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू. ज्यांना हत्याराचं नावही नको वाटतं त्यांनी (म्हणजे माझ्या आईने आणि पुण्याच्या आत्याने) सरळ सुतारकामाच्या भागावर उडी मारावी. :)

तसं आमच्या सिंधुदुर्गात घरात बंदूक असणं ही काही फार मोठी गोष्ट नाही. गावोगावी शेती संरक्षणाचे परवाने आहेत. कुणाकडे ठासणीची, कुणाकडे एकनळी. माकडं, रानडुकरं, गवे, आणि दोडामार्गाकडे २००२ पासून हत्ती. बार काढायचा तो बहुतेक वेळा आवाजासाठीच. निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर आणायला जायचं, हेही सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. पण पिस्तूल? पिस्तुलाचं शेतात काय काम?

बाबांचं पिस्तूल शेतातलं नव्हेच. ते मुंबईचं. बाबा तेव्हा एका खासगी पेढीत होते आणि महिन्यातून दोनदा कामगारांच्या पगाराची रोकड बँकेतून आणायची जबाबदारी त्यांच्यावर होती. टॅक्सीत मागे दोघंजण, मध्ये पत्र्याची पेटी. पेढीच्या मालकांनी परवान्याच्या अर्जाला पत्र दिलं आणि १९७१ साली बाबांनी एका परवानाधारक दुकानातून जुनंच पिस्तूल विकत घेतलं. सावंतवाडीला ही बातमी पोचली तेव्हा आजीने म्हणे दोन दिवस जेवण टाकलं होतं. आजीच्या लेखी पिस्तूल या शब्दाला एकच अर्थ होता, तीस जानेवारी १९४८. दिल्लीत वापरलं गेलेलं ते बेरेटाही असंच खिशात मावणारं, आपोआप पुढची गोळी चढवणारं होतं. आजीला बेरेटा आणि कोल्ट यांतला फरक समजावून सांगण्याचा प्रयत्न बाबांनी केला असेल असं मला वाटत नाही. तिचं म्हणणं चूक होतं असंही मला आज वाटत नाही.

दुकानदाराने तेव्हा तीन पिस्तुलं पुढ्यात ठेवली होती. बाबा ही गोष्ट इतक्यांदा सांगायचे की ती तिन्ही मी पाहिल्यासारखीच आहेत. पहिलं वेब्ली अँड स्कॉट, लंडनच्या पोलिसांनी १९११ साली घेतलेल्या जातीचं. दुसरं बेल्जियमचं, एफएन ब्राउनिंग १९१०. (साराजेव्होत १९१४ साली आर्चड्यूकवर झाडलं गेलं ते याच मॉडेलचं, त्याचा बोअर मात्र वेगळा.) आणि तिसरं कोल्ट १९०३. शेवटची दोन्ही जॉन ब्राउनिंग या एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेली. तिन्ही पॉइंट बत्तीस बोअरची. सिनेमात दिसतं ते मोठं पंचेचाळीसचं कोल्ट किंवा नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्या कायद्यात निषिद्ध बोअरमध्ये येतं, सामान्य परवान्यावर ते मिळत नाही. पॉइंट बत्तीसचं हे काडतूस १८९९ साली निघालं. म्हणजे माझ्या आजोबांपेक्षाही थोरलं, आणि अजून खपतंय.

बाबांनी वेब्ली का घेतलं नाही याचं कारण मला आवडतं. दुकानदाराने मुठीची उजवी पट्टी काढून दाखवली तर तिच्या खाली इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक भली मोठी स्प्रिंग. मागे गेलेली स्लाइड पुढे आणणारी मुख्य स्प्रिंग तीच. मूठ उघडली की यंत्राचं पोटच उघडं पडतं. बाबा म्हणाले, ज्या वस्तूची मूठ काढायला भीती वाटते ती माझ्या कामाची नाही. बेल्जियमचं हलकं आणि बारीक, पण बाबांच्या पंजाला ते कमी पडत होतं. कोल्टचं मात्र सगळं सपाट आणि सरळ. मुठीच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या, प्रत्येकीला एकच स्क्रू. घोडा स्लाइडच्या आत लपलेला, त्यामुळे खिशातून काढताना काही अडकायला नको. अंगठ्याखाली एक खटका, शिवाय मुठीच्या मागे दुसरी कळ: ती हाताने दाबली गेल्याशिवाय चाप ओढला जात नाही. वजन रिकामं असताना सातशे ग्रॅमच्या आत. मॅगझिनमध्ये आठ गोळ्या.

ही जात १९०३ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत निघत होती आणि पावणेसहा लाखांच्या आसपास नग निघाले. म्हणजे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. बाबांच्या नगावर काळ्या कडक रबराच्या पट्ट्या होत्या आणि त्यांवर पुढचे पाय उचललेला घोडा. वीसच्या दशकाच्या मध्यानंतर कंपनीने त्या जागी अक्रोडाचं लाकूड लावायला सुरुवात केली. त्यावरून आमचं पिस्तूल त्याआधीचं, एवढं नक्की कळतं. पहिला मालक कोण, कुठला गोरा साहेब की कुठला संस्थानिक, ते कोणीच सांगू शकलं नाही. बाबांना त्यात रसही नव्हता. "कोणाचं होतं यापेक्षा कसं ठेवलं होतं ते बघायचं," म्हणायचे. नळीत डोकावून त्यांनी आतले आटे बघितले होते, स्क्रूंच्या खाचा बघितल्या होत्या. खाचा फाटलेल्या असतील तर आधीच्या मालकाला धीर नव्हता असं समजावं. हा नियम मी पुढे जुनी स्कूटर घेतानाही वापरला.

त्या पिस्तुलातून बाबांनी कधी कुणावर गोळी झाडली का? नाही. एकदाही बाहेर काढलं का? तेही नाही. पेढी बंद झाली, रोकड गेली, बाबा निवृत्त होऊन २००० साली सावंतवाडीला परत आले आणि पिस्तूल त्यांच्याबरोबर रीतसर कागदपत्रं बदलून आलं. मुंबईत त्याला धोका चोराचा होता. इथे आल्यावर पावसाचा.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आम्ही तिच्या पायथ्याशी. तेवढा इथे पडत नसेल, पण आषाढात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, मीठ वाटीत वितळतं, आणि लोखंडाची कुठलीही वस्तू दोन दिवसांत तांबूस दिसू लागते. दमट हवेत लोखंड कसं सांभाळायचं याचं माझं सगळं शिक्षण त्या पिस्तुलावर झालं. पहिला धडा म्हणजे चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही. दिसायला ऐटबाज दिसतं, पण चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेले क्षार-आम्ल त्यात उरलेले असतात. वर्षभर म्यानात राहिलेल्या हत्यारावर म्यानाच्या आकाराचा गंज चढतो. दुसरा धडा खोबरेलाचा. कोकणात कोयता असो, आडकित्ता असो, हाताशी येतं ते खोबरेल. आमच्या गावचे काका आपल्या बंदुकीलाही तेच चोपडायचे. पण खोबरेल थंडीत गोठतं, मग खवट होऊन चिकटतं, आणि बारीक यंत्रात त्याचा गोंद होतो. बाबा शिवणयंत्राचं तेल वापरायचे, तेही फडक्याला दोन थेंब. जास्त तेल ओतलं की ते झिरपून नको तिथे जातं आणि धूळ धरतं.

आणि घाम. बोटांच्या घामात मीठ असतं. निळसर काळ्या पोलादावर एका बोटाचा ठसा राहिला आणि तो पुसला नाही तर पंधरा दिवसांनी तोच ठसा गंजाने उमटतो, अगदी आधार कार्डाच्या यंत्रावर उमटावा तसा. म्हणून पुसायचं आणि पुसल्यावर नुसत्या बोटाने शिवायचं नाही. जुन्या काडतुसांची आणखी एक भानगड असे. त्यांच्या टोपीतल्या रसायनाचा जो क्षार नळीत उरतो तो हवेतलं पाणी ओढून घेतो, तेलाने तो निघत नाही, गरम पाण्यानेच निघतो. नळी पाण्याने धुवायची हे ऐकून मी लहानपणी चकित झालो होतो. आता काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्याची येतात. हा कारखाना १८६९ चा, आणि २०२१ साली आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या तेव्हा तो म्युनिशन्स इंडियामध्ये गेला. तरीही दोन-तीन वर्षांतून एकदा कोल्हापूरच्या रेंजवर चार-सहा गोळ्या झाडून आलो की बाबा आधी गरम पाण्याची किटली ठेवायला सांगायचे. त्या बाबतीत ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

आता कस्टम कामाचं. हा शब्द आमच्याकडे मुंबईच्या चुलतभावाने आणला. त्याचं म्हणणं, एवढी जुनी चीज तुम्ही अशी फडक्यात गुंडाळून ठेवलीय, तिला जरा सजवा. निकेलचा चकचकीत मुलामा द्या, स्लाइडवर वेलबुट्टी कोरा, समोरची माशी मोठी बसवा, मुठीला हस्तिदंत लावा. हस्तिदंताचा धंदा देशात कधीचाच बंद झालाय हे सांगितल्यावर म्हणाला, मग सांबरशिंग लाव, गावच्या घरात भिंतीवर आहे की! वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि सांबर त्यातही आहे, हे त्याला आईने सांगितलं. माझ्या आईचं कायद्याचं ज्ञान अशा वेळी अचानक बाहेर येतं.

पण थट्टा सोडली तर त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. परदेशी हत्यारांची सामान्य परवानाधारकांसाठीची आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली. तेव्हापासून देशात जी आहेत तीच एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरतात आणि त्यांच्या किमती लाखांत गेल्या आहेत. विकलं असतं तर आमच्या घराचं छप्पर नवीन होऊन वर मंगलोरी कौलं उरली असती. आईने तर हिशोबही काढून ठेवला होता. "ज्याचा कधी उपयोग झाला नाही आणि कधी होऊ नये अशी रोज प्रार्थना करायची, ती वस्तू घरात कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. शेवटी तिने एकच अट घातली: पिस्तूल आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत, दोन्ही किल्ल्या वेगळ्या माणसांकडे. पिस्तुलाची माझ्याकडे, काडतुसांची बाबांकडे. कुलपं आणि किल्ल्यांची ती विभागणी आमच्या नात्याचंच वर्णन होतं असं मला कधीकधी वाटतं. असो.

चुलतभावाच्या यादीतली एकही गोष्ट बाबांनी होऊ दिली नाही, आणि त्यांची कारणं मला पटली. नवा मुलामा द्यायचा तर आधी जुनं पोलाद घासून गुळगुळीत करावं लागतं. घासलं की कडा गोल होतात, ठोकलेली अक्षरं उथळ होतात. वरून चकचकीत होतं आणि अंगावरचा मजकूर पुसट. शंभर वर्षांत जो निळा रंग कडांवरून झिजून खालचं राखाडी पोलाद दिसायला लागलंय तो पुन्हा मिळत नाही. कोल्हापूरच्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे दाखवलं तेव्हा त्यानेही आधी पॉलिशचाच भाव सांगितला. बाबा म्हणाले, स्प्रिंगा तपासून द्या, तेवढं पुरे. त्यांतली मुख्य स्प्रिंग दमली होती, ती बदलली. बाहेरून काहीही दिसणार नाही असं काम. बाबांच्या मते कस्टम ते एवढंच. दुसरं म्हणजे त्यांनी स्वतः घासून तयार केलेला एक स्क्रू ड्रायव्हर, त्या दोन स्क्रूंच्या खाचेत तंतोतंत बसणारा. तो घरात इतर कशालाही वापरायला बंदी होती. मिक्सरचं झाकण उघडायला आईने एकदा तो घेतला होता, ती हकिकत इथे नको.

२०१८ मध्ये बाबांनी परवाना माझ्या नावावर करायचं काढलं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला हयातीतच वारसाकडे हत्यार सोपवता येतं. मी सुरक्षेचं प्रशिक्षण घेऊन त्याचा दाखला आणला, ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात फेऱ्या झाल्या, पोलिसांची चौकशी झाली (शेजारच्या काकूंनी माझ्याबद्दल चांगलं सांगितलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं), आणि एका दुपारी ते माझं झालं. घरी आल्यावर मी फडकं उलगडून बाबांपुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतला. "आता ते माझं नाही," म्हणाले.

मला वाटलं दोन दिवसांची गोष्ट असेल. पण त्या दिवसापासून बाबांनी त्याला बोट लावलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ओटीवर वर्तमानपत्र पसरून साफ करायला बसायचो आणि ते समोर खुर्चीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, नुसतं तोंडाने सांगत. मॅगझिन आधी बाहेर. मग स्लाइड मागे ओढून आत बघ. डोळ्याने बघितलंस, आता करंगळीने बघ. मग स्लाइडवरची खूण जुळव, नळी फिरव. ४७ वर्षं ज्या हातांनी हे केलं ते हात गुडघ्यांवर आणि सूचना मला! कायद्याने बघितलं तर मी समोर बसलेला असताना त्यांनी फडकं मारलं असतं तर काही आकाश कोसळलं नसतं. पण रोकड मोजणाऱ्या माणसाचा हिशोब वेगळा असतो.

२०२३ च्या मे महिन्यात डाव्या पट्टीला चीर गेली. शंभर वर्षांचं रबर, वाळून ठिसूळ झालेलं. स्क्रूच्या भोकापासून कडेपर्यंत एक केसाएवढी रेघ, आणि जूनपर्यंत पट्टीचे दोन तुकडे. आता मात्र काहीतरी करणं भाग होतं. आणि सावंतवाडीत राहून मुठीच्या पट्टीसाठी परदेशी वेबसाइटी धुंडाळणं मला शरमेचं वाटलं. ज्या गावात लाकडाची वांगी, केळी आणि आंबे असे करतात की पाहुणा चावून बघतो, त्या गावात दोन पट्ट्या होणार नाहीत?

चितार आळीत आधी चौकशी केली. तिथल्या ओळखीच्या एका कारागिराने उत्साहाने लाखेचं काम सुचवलं. लेथवर फिरवून लाखेची कांडी धरली की घर्षणाच्या उष्णतेने जी झिलई चढते ती बघत राहावी अशीच. पण घामट तळव्यात लाख गुळगुळीत होते, निसटते. शिवाय खेळण्यांचं लाकूड म्हणजे पांगारा. हलकं, कोरायला लोण्यासारखं, स्क्रूचा ताण सोसणारं नव्हे. त्यानेच मला गावाबाहेरच्या एका मेस्त्रींकडे पाठवलं. दारं-खिडक्या, देव्हारे, क्वचित तबल्याची खोडं करणारे. पंच्याहत्तरीचे असावेत.

त्यांना मी सांगितलं कशाची मूठ आहे ते. म्हटलं, वस्तू इथे आणता येणार नाही, परवाना माझ्यापुरता आहे, दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. जुन्या पट्ट्या तेवढ्या आणल्या आहेत.

"माका ता पिस्तूल नकोच," मेस्त्री म्हणाले. "माका हात दाखय."

मी हात पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, अंगठ्याच्या बुडाशी दाबून बघितलं, आणि विचारलं, "धरतलो कोण? तू काय तुजो बापूस?"

हा प्रश्न मी बरोबर घेऊन गेलोच नव्हतो. जुन्या पट्ट्यांवरच्या चौकटीच्या बारीक खाचा एका ठिकाणी झिजून सपाट झाल्या होत्या, जिथे बाबांच्या तळव्याची गादी टेकायची. बाबांचा पंजा रुंद, बोटं आखूड. माझा आईवर गेलेला, लांबट. मी मनातल्या मनात धरून चाललो होतो की नवी मूठ तशीच होईल, तीच झीज, तोच खोलगटपणा, नुसतं लाकूड नवं. मेस्त्रींना म्हटलं, उद्या सांगतो.

घरी येऊन बाबांना विचारलं. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. "परवाना कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"मग हात कोणाचा?"

लाकडाचा प्रश्न उरला होता. मेस्त्रींनी ताजं लाकूड घ्यायला साफ नकार दिला. "शिसव व्हयां, पण जुनां. घरात बघ, खंयतरी मोडलेलां आसतलां." होतं. पणजोबांच्या वेळचा एक शिसवी पलंग माळ्यावर तीन पायांचा होऊन पडला होता आणि चौथा पाय त्याच्या शेजारी. निदान ऐंशी वर्षं या घराचे पावसाळे सोसलेलं लाकूड. शिसव जड असतं, घट्ट असतं आणि अंगचंच तेलकट, त्यामुळे पाणी सहज पीत नाही. मेस्त्रींनी पाय हातात घेऊन नखाने खरवडला, वास घेतला, आणि रेषा उभ्या जातील अशा बेताने दोन फळ्या कापल्या. मग त्या तशाच ठेवून दिल्या. म्हणाले, श्रावणात ये.

मी म्हटलं, पाऊस संपू दे ना, कोरड्यात काम बरं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं: "पावसात बसलां तर उन्हाळ्यात बसतलां. उन्हाळ्यात बसयलेलां पावसात धरतलां." लाकूड ओल पिऊन फुगतं. अगदी फुगलेलं असताना जे मोकळेपणाने बसतं ते वाळल्यावर फार तर केसभर सैल होईल. पण उन्हाळ्यात तंतोतंत बसवलेली पट्टी आषाढात फुगून खटक्याला अडेल किंवा स्क्रूपाशी फुटेल. आणि पिस्तुलाचा खटका अडणं म्हणजे न उघडणारं दार नव्हे. आमच्या प्रत्येक घरात पावसाळ्यात न लागणारं एक तरी दार असतं, तरीही मला हे सुचलं नव्हतं.

पुढचा महिना ये-जा. मेस्त्री पट्टी थोडी तासून देत, मी ती घरी आणी. काजळात तेल कालवून ते पिस्तुलाच्या पोलादावर अगदी पातळ पुसायचं, वर लाकूड दाबायचं आणि उचलायचं. जिथे काळं लागलं तिथे उंचवटा. ते काळं तसंच जपून, रुमालात गुंडाळून, छत्रीखाली परत मेस्त्रींकडे. ते पटाशीने तेवढंच काळं खरवडत. पुन्हा घर, पुन्हा काजळ. एकंदर अकरा फेऱ्या झाल्या. मोती तलावाच्या कडेने भर पावसात रुमालात लाकडाचे दोन तुकडे घेऊन जाणारा माणूस बघून लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे. ज्या वस्तूला ते बसायचे ती मेस्त्रींनी शेवटपर्यंत बघितली नाही. काजळाच्या डागांवरूनच तिचा आकार त्यांना कळत होता, आणि सातव्या-आठव्या फेरीला ते म्हणाले, "तुज्या त्या वस्तूक उजवीकडे खालसून एक लहानसो खळगो आसा, न्हय?" होता. जुना ठोका, आम्ही कधी नीट बघितलाही नव्हता.

खाचा त्यांनी यंत्राने नाही, करवतीच्या बारीक पात्याने हातानेच पाडल्या. काही रेषा किंचित वाकड्या आहेत. वर जवसाच्या उकळलेल्या तेलाचे पातळ हात, मध्ये चार-चार दिवस थांबून, कारण शिसवाचं स्वतःचंच तेल नव्या तेलाला लवकर वाळू देत नाही. घोडा नाही, नाव नाही, काही नाही. पैसे विचारले तर म्हणाले, देव्हाऱ्याच्या दोन कमळांचे घेतो तेवढे दे.

बसवल्यावर मी ते बाबांपुढे धरलं, रिकामं, स्लाइड मागे अडकवून. त्यांनी हात लावला नाही. मान वाकडी करून पट्टी आणि पोलाद यांच्या मधली फट शोधली, मग खिडकीतल्या उजेडाकडे धरायला सांगितलं, आणि म्हणाले, "तुला बसतंय का?" म्हटलं बसतंय. "मग झालं."

२०२४ साली ते दोनदा ठाण्यात जमा झालं. लोकसभेला आमच्याकडे ७ मे रोजी मतदान झालं आणि विधानसभेला २० नोव्हेंबरला. पहिल्या वेळी परत आणलं तेव्हा जून लागला होता आणि पाऊस सुरू झाला होता. देताना मी भरपूर तेल लावून मेणकागदात गुंडाळून दिलं होतं, तरी उघडताना छाती धडधडत होती. शेती संरक्षणाच्या बंदुका घ्यायला आलेले चार-पाच बागायतदार रांगेत होते, त्यांतल्या एकाने मूठ बघून विचारलं, हे कुठल्या कंपनीचं? म्हटलं, पलंगाच्या पायाचं. खटका मोकळा चालत होता. घरी आल्यावर बाबांनी वर्तमानपत्र पसरायला सांगितलं, रविवार नसतानाही.

काडतुसांची किल्ली अजून बाबांकडेच आहे. ती कोणाकडे जाणार हा विषय मी काढत नाही, तेही काढत नाहीत. मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला विचारलं तर म्हणाली, मला नको, पण विकू पण नका. आईने ते ऐकून कपाळाला हात लावला.

आणि तो पलंगाचा पाय. दोन पट्ट्या काढूनही त्याचा हातभर तुकडा उरला होता. मेस्त्रींनी मला न विचारता त्याचं लाटणं करून दिलं, वर लाखेचा लाल पट्टा चढवून. आई म्हणते जड आहे, पोळी जाड होते. पण गेली दोन वर्षं दुसरं लाटणं तिने हातात घेतलेलं नाही.